सोलापूरच्या दवाखान्यांचा नकाशा: वॉर्ड धरायचा का मोहल्ला?

पूर्वभागकर:
नमस्कार, आम्ही चारपाच जण मिळून शहराचा नकाशा करतोय, कुठल्या वस्तीला सरकारी दवाखाना जवळ आहे न कुठल्या वस्तीला नाही ते दाखवणारा, आणि तो घेऊन महापालिकेत जायचंय. ५० हजार लोकांमागं एक नागरी आरोग्य केंद्र असा निकष आहे, २०११ च्या जनगणनेत सोलापूर ९,५१,५५८, म्हणजे १९ केंद्रं झाली की कागदावर भागलं. पण जुन्या, दाट वस्तीच्या साखर पेठेला जो हिशेब तोच १९९२ च्या हद्दवाढीतल्या शेळगी, सोरेगावला कसा लावायचा? वॉर्ड धरू का मोहल्ला?

नकाशावेडा:
मोहल्लाच धरा. वॉर्डाच्या हद्दी निवडणुकीआधी बदलतात, आणि एकाच वॉर्डात बंगले पण असतात न झोपडपट्टी पण, सरासरी काढली की झोपडपट्टीची अडचण दिसतच नाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे रस्ते घ्या, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात दवाखान्यापासून पायी १५ मिनिटांत कुठवर जाता येतं ते काढा. नुसतं कंपासनं गोल काढल्यासारखं करू नका, विजापूर रोडकडून सिव्हिलला यायचं तर मधे रेल्वेलाईन आहे, गोलाला रूळ दिसत नाहीत. आणि टीबीच्या पेशंटच्या घरावर ठिपका अजिबात टाकू नका, गल्लीत लगेच ओळखतात कुणाचं घर ते.

गल्लीतली ताई:
मी ६ वर्षं आशा म्हणून काम केलंय म्हणून सांगते, अंतराच्या आधी वेळ बघा. बाया सकाळी तयार विड्या घेऊन कारखान्यात जातात, ओपीडी पण सकाळचीच, आणि दवाखान्यात लाईनीत बसलं की त्या दिवसाची हजार विड्यांची मजुरी गेली. माझ्याकडं एक गरोदर बाई होती, दवाखाना दोन गल्ल्या सोडून, तरी तीन महिने तपासणीला आली नाही. मी चिडले तिच्यावर. नंतर कळलं की ती एकदा जाऊन आली होती, तिला फक्त तेलुगू येतं, तिथं तेलुगू बोलणारं कुणी नव्हतं, काय सांगितलं तेच कळलं नाही म्हणून परत गेलीच नाही. तुमच्या नकाशात तिचं घर 'दवाखाना जवळ' म्हणून हिरव्या रंगात येणार की ओ! ओपीडीची वेळ आणि भाषा, दोन्ही नकाशात घ्या.

हैदराबाद रोड:
हद्द संपली म्हणून नकाशा पण तिथंच संपवू नका. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची १० हजार घरं आहेत, शिवाय रे नगरमधली १५ हजार जानेवारी २०२४ ला दिली, हे सगळं कुंभारीकडं, महापालिकेच्या बाहेर. पण माणसं कामाला शहरात येतात आणि जास्त झालं की सिव्हिलच गाठतात, मग तो बोजा कुणाच्या हिशेबात धरणार?

पूर्वभागकर:
कुंभारी घेतोच. आणि ताई, भाषेचं आमच्या डोक्यातच नव्हतं, आम्ही सगळे तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातले असून. रविवारी दुपारी कन्ना चौकात याल का? मोठी प्रिंट काढून आणतो, कुठल्या गल्लीत बाया कधी मोकळ्या असतात ते तुम्हीच पेनानं लिहा.