मदत हवी आहे: निर्वासितांसाठी अल्बम करतोय, पैसा वाटेत अडकू नये म्हणून काय करावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण वाचा आणि मार्ग सुचवा.

पुण्यात माझा गाण्याचा लहानसा वर्ग आहे. आमच्यातली एक मुलगी नर्स आहे. गेल्या वर्षी ती चार महिने मिझोरमच्या चंफाई जिल्ह्यात राहून आली. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हापासून तिकडची चिन जमातीची माणसं सीमेवरची टिआऊ नदी ओलांडून मिझोरममध्ये येत आहेत. मिझो आणि चिन एकमेकांचे भाऊबंद, म्हणून गावांनी त्यांना आसरा दिला. ती सांगत होती, बांबूच्या झोपड्यांत बाळंतिणी आहेत आणि पावसाळ्यात अंथरूण कोरडं राहत नाही. ते ऐकून सगळ्यांनी ठरवलं, आपल्याला गाणं येतं, तर अल्बम करू आणि येईल ती रक्कम तिकडे देऊ. तुकोबांचे पाच अभंग आणि दोन नवी गाणी. स्टुडिओ फुकट मिळालाय, वादक मानधन घेणार नाहीत.

मी अडले ते बाबांच्या कपाटापाशी. तिथे तीन तबकड्यांची एक पेटी आहे, ‘द कॉन्सर्ट फॉर बांगला देश’. वर फोटो आहे रिकाम्या थाळीमागे बसलेल्या, खंगलेल्या मुलाचा. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी लोक भारतात आले होते. आई सांगते, तेव्हा पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, त्यांच्या मदतीसाठी. रविशंकरांचं घराणं मूळचं तिकडचंच. २५,००० डॉलर तरी उभे करावेत म्हणून ते बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनशी बोलले. हॅरिसनने ते असं मनावर घेतलं की १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवसात दोन कार्यक्रम झाले आणि मिळून सुमारे ४०,००० लोक आले. ही पेटी म्हणजे त्याचंच ध्वनिमुद्रण.

पहिल्या बाजूला ‘बांगला धून’ आहे. सतार रविशंकरांची, सरोद अली अकबर खाँसाहेबांचा, तबला अल्लारखांचा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. खाँसाहेबांचा जन्मच कुमिल्ल्याकडच्या शिवपूरचा, म्हणजे ते स्वतःच्या जन्मगावाच्या माणसांसाठी वाजवत होते. सतार आणि सरोद एकमेकांना उत्तरं देऊ लागले की बाबा घरात कुणाला बोलू देत नसत. ती बाजू मी शेकडो वेळा ऐकली असेल. त्या पैशाचं पुढे काय झालं, हे मात्र आत्ता, आमचा अल्बम ठरल्यावर वाचलं.

तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट युनिसेफला थोड्याच दिवसांत मिळाले. अल्बमचं तसं झालं नाही. बांगलादेशचं युद्ध संपलं १६ डिसेंबरला आणि अमेरिकेतल्या दुकानांत अल्बम आला २० डिसेंबरला. पुढे तो भरपूर खपला, ग्रॅमीही मिळालं. पण कार्यक्रमाच्या आधी संस्था ठरवून करमाफीची तजवीज केलेली नव्हती, म्हणून अमेरिकेच्या करखात्याने पैसा रोखला. मोठी रक्कम पोचायला दहाहून अधिक वर्षं लागली. पेटीवरच्या मुलाएवढी मुलं तोवर मोठी झाली असतील, जगली असतील तर. हे मनातून जातच नाही.

तर मला असं विचारायचंय: पैसे माझ्या बचत खात्यात घेतले तर चालतील का? की ट्रस्ट काढावा? माझे काही विद्यार्थी अमेरिकेत आहेत, ते पाठवू म्हणतात, ते कसं घ्यायचं? आणि अभंगांचे हक्क वगैरे काही लागतात का?

जमाखर्च

ताई, पस्तीस वर्षं ट्रस्टांचे हिशेब तपासले आहेत, म्हणून हक्काने लिहितो.

तुमच्या बचत खात्यात एक रुपयाही घेऊ नका. आयकर खात्याच्या लेखी ते तुमचं उत्पन्न दिसेल आणि लोकांच्या मनातही नको ती शंका येईल. नवा ट्रस्टही काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मग आयकराची, यात तुमचे दोन पावसाळे जातील. मिझोरममध्ये आधीपासून काम करणारी नोंदणीकृत संस्था शोधा आणि रेकॉर्डिंगच्या आधी तिच्याशी लेखी करार करा. न्यूयॉर्कला राहिलं ते हेच.

दुसरं, अल्बम विकला की ती विक्री झाली, देणगी नाही. घेणाऱ्याला देणगीवरच्या करसवलतीची पावती मिळणार नाही. त्यापेक्षा गाणी सगळ्यांना मोकळी ऐकू द्या आणि सोबत संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड द्या. पैसा थेट तिकडे जाईल. २,००० रुपयांवरची रोख देणगी करसवलतीत बसत नाही, हेही आवाहनात लिहा.

अमेरिकेतल्या मुलांचं जपून. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ते परकीय योगदान धरत नाहीत. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांचं धरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. असा पैसा एफसीआरए, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखाली, नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतो, तोही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. तेव्हा संस्था निवडताना हे आधी विचारा.

तबकडी

ही पेटी माझ्याकडेही आहे. अल्बम उशिरा येण्याचं आणखी एक कारण सांगतो. कार्यक्रमातले कलाकार वेगवेगळ्या तबकडी कंपन्यांशी बांधलेले होते. गायक बॉब डिलन कोलंबियाचे, त्यामुळे कोलंबियाने उत्तर अमेरिकेतले टेपचे हक्क मागून घेतले. तबकडी विकणाऱ्या कॅपिटॉल कंपनीशी वितरणाच्या खर्चावरून घासाघीस चालली. तबकडी तयार होत होती आणि कागद मात्र अडून होते.

म्हणून तुमच्या प्रत्येक गायक-वादकाची, तंबोऱ्यावरच्या मुलीचीसुद्धा, लेखी संमती घ्या. मानधन नको म्हणणं वेगळं आणि हक्क देणं वेगळं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण रेडिओवर ऐकून ओठांवर बसलेली चाल कुणातरी संगीतकाराची असते. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतरही ६० वर्षं राहतो. तुमचे पाचही अभंग पारंपरिक वारकरी चालींत आहेत का, ते एकदा तपासा.

रानजाई

दोघांचेही मनापासून आभार. तपासलं. तीन चाली वारकऱ्यांच्या फडावरच्या, आजोबांकडून आलेल्या. दोन मात्र प्रसिद्ध संगीतकारांच्या निघाल्या. त्या काढून आम्ही स्वतः नव्या बांधतोय. एक कालच भैरवीत बसली.

चिंचबन

मी तीन वर्षं मिझोरमच्या राजधानीत, ऐझॉलला, बँकेत नोकरीला होतो. तिथे माणसं सांभाळतात ती चर्चची मंडळी आणि यंग मिझो असोसिएशन या तिथल्या समाजसेवी संघटनेच्या गावोगावच्या शाखा. तुमची संस्था पुण्याची असो की दिल्लीची, यांच्याशी जोडलेली आहे का ते विचारा. नाहीतर सामान ऐझॉलच्या गोदामात पडून राहतं. जुने कपडे गोळा करून पाठवू नका, वाहतुकीलाच जास्त पैसे जातात. ताडपत्री, औषधं, तांदूळ सगळं तिथेच विकत मिळतं. प्रत्यक्ष जाणार असाल तर इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना, लागेल, ते सोपं आहे. आणि पाऊस मे महिन्यातच सुरू होतो. ताडपत्रीचे पैसे एप्रिलपर्यंत पोचायला हवेत.

रानजाई

चिंचबन, एप्रिलचं वाचून आमचा बेत बदलला. अल्बम दिवाळीपर्यंत होईल, पण ताडपत्री तोवर थांबणार नाही. म्हणून मार्चमध्ये वर्गातच गाण्याची बैठक करतोय. तिकीट नाही. दाराशी संस्थेचा क्यूआर कोड लावू, ज्याने त्याने थेट तिकडे द्यावं. नर्सताई पहिला अर्धा तास बोलेल, मग आम्ही गाऊ. त्याआधी बाबांच्या पेटीतली पहिली बाजू लावणार आहे.

संस्थेशी बोलणं झालंय, एफसीआरए आहे, चंफाईत त्यांचे कार्यकर्ते आहेत. जमाखर्च काका, शेवटचं एक विचारते: करारात हिशेब दर सहा महिन्यांनी मागावा की तीन?

जमाखर्च

तीन. आणि पहिला हिशेब बैठकीनंतर महिन्याभरात, ताडपत्रीच्या बिलासकट.