भात गरम केला तरी विष उरतंच

कुणीतरी लिहिलंय, 'रात्रीचा भात सकाळी खणखणीत गरम केला की जंतू मरतात, मग भीती कसली?' जंतू मरतात हो, पण त्यांनी रात्रभरात भातात सोडलेल्या विषाचं काय? बॅसिलस सिरियस या जंतूचं सेरूलाइड नावाचं विष 121 अंशांनाही, म्हणजे कुकरच्या वाफेलाही दाद देत नाही. फोडणीने फक्त चव सुधारते. अर्ध्या ते 6 तासांत उलट्या सुरू होतात, आणि बहुतेकांचं तेवढ्यावर निभावतं. क्वचित मात्र हे विष यकृताच्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाच (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) बंद पाडतं आणि यकृत निकामी होतं.

आमच्या ठाण्यात मे महिन्यात रात्री अकरालाही ओट्यावरचं पातेलं निवत नाही. झाकणाला आतून थेंब, मधला भात कोमट. जंतूंना आणखी काय हवं! मी भात परातीत पसरते, वाफ गेली की डब्यात भरून लगेच फ्रिजमध्ये. (फ्रिजमधला भात बाधतो, हे सासूबाईंचं मत अजून कायम आहे.)

खाण्यातून होणाऱ्या विषबाधेने किडनी बिघडते, ते प्रकरण वेगळं. तिथे शिगा नावाचं विष बनवणारे ई. कोलाय जंतू असतात. 2011 साली जर्मनीत त्यांची साथ आली, 50हून जास्त माणसं दगावली आणि तपासात बोट वळलं ते मोड आलेल्या मेथीकडे! जुलाबात रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली तर घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका, काही औषधांनी हे विष आणखी सुटू शकतं. सरळ डॉक्टर गाठा.