रविवार २६ ऑक्टोबर: सबवे ६:१२ ला बंद, परत कसं जायचं?

प्रेषक: ओंकार
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमाची पत्रिका मिळाली. कार्यक्रम दुपारी ३ ते रात्री ८ असा दिसतोय. रविवारी ग्लासगोचा सबवे (भुयारी रेल्वे) सकाळी १० ला सुरू होतो आणि संध्याकाळी ६:१२ ला बंद. गेल्या वर्षी आपण शनिवारी जमलो होतो, तेव्हा ११:४० पर्यंत गाड्या होत्या, म्हणून कुणाचं काही अडलं नाही. यंदा नदीपलीकडे सेसनॉक, किनिंग पार्क आणि आयब्रॉक्सकडे राहणारी आम्ही बरीच मुलं-मुली आहोत. एकांकिका ६:३० ला ठेवली आहे. ती बघायची तर परतीला टॅक्सी, आणि टॅक्सी परवडत नाही तर एकांकिका सोडा. एकांकिकेत आमच्यातलीच दोघं काम करताहेत!

बसचं कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. मोफत बसचं कार्ड २२ वर्षांच्या आतल्यांना मिळतं. आम्ही मास्टर्सवाले जवळजवळ सगळे त्यापुढचे.

एकांकिका फराळाच्या आधी घेता येईल का?

ओंकार

---

प्रेषक: वैशाली
बुधवार, सकाळी ७:१५

ओंकार,

तुझी अडचण कळली, पण क्रम असा उचलून बदलता येत नाही. हॉल आपल्या ताब्यात २ वाजता येतो, त्याआधी तिथे दुसऱ्यांचं बुकिंग आहे. एका तासात खुर्च्या, रांगोळी, माइक, फराळाची टेबलं, सगळं लावायचं. लहान मुलांचे नाच सुरुवातीलाच घ्यावे लागतात. पाच वाजले की ती पेंगुळतात आणि स्टेजमागे रडारड सुरू होते. दर वर्षी विंगेत मी उभी असते, त्यामुळे हे मला सांगायची गरज नाही. एकांकिकेतले तिघं एडिनबराहून येतात, त्यांना पाचच्या आत पोचणं जमत नाही.

क्रम जुलैच्या बैठकीत ठरला आणि इतिवृत्त याच यादीवर पाठवलं होतं. शनिवारचा हॉल मिळावा म्हणून किती ठिकाणी फोन केले ते समितीला विचारा. पार्टिकला स्टेशनपासून चालत जाण्याजोगा हॉल मिळाला हेच खूप आहे.

वैशाली

---

प्रेषक: नंदूकाका
बुधवार, सकाळी ११:०५

सर्वांना नमस्कार.

ज्याने डोंबिवलीत पंचवीस वर्षं काढली त्याला रविवारचा मेगाब्लॉक नवा नाही. आम्ही लग्नाचे मुहूर्तसुद्धा ब्लॉक बघून धरायचो आणि वऱ्हाडाला आदल्या रात्रीच दादरला नेऊन ठेवायचो. इथला सबवे तर १८९६ चा. वर्तुळाकार मार्ग, १५ स्टेशनं, दोन दिशांना दोन वेगळे बोगदे. १९३५ पर्यंत डबे लोखंडी दोराने ओढत असत, वीज नंतर आली. रुळांमधलं अंतर अवघं चार फूट, त्यामुळे दुसरीकडची गाडी आणून इथे चालवता येत नाही. १९७७ ते १९८० अख्खा सबवे बंद ठेवून डागडुजी केली होती. आताच्या नव्या गाड्या डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आल्या. गाड्या बदलल्या, रविवारचं वेळापत्रक तेवढं तसंच राहिलं.

जाता जाता, स्प्रिंगबर्नला ज्या कारखान्यांत आगगाडीची इंजिनं बनायची तिथून कित्येक इंजिनं जहाजाने हिंदुस्थानात गेली. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीची बरीच जुनी इंजिनंही ग्लासगोचीच. मुलांना एकदा तो भाग दाखवायला न्यायला हवं. सहलीचं बघा कुणीतरी.

मुद्द्यावर येतो. सबवेचा नाद सोडा. पार्टिकला स्कॉटरेलची (स्कॉटलंडच्या रेल्वेची) गाडी मिळते, ती रविवारी रात्रीही असते. १ सप्टेंबर २०२५ पासून पीकचं, म्हणजे गर्दीच्या वेळचं, जादा भाडं कायमचं रद्द झालंय, म्हणजे तिकीटही स्वस्त.

नंदू

---

प्रेषक: अनघा
बुधवार, दुपारी १:३०

काका, रविवारी पीक भाडं आधीही नव्हतं. त्यामुळे २६ तारखेला तिकिटात काही फरक पडत नाही. फायदा आठवड्यात सकाळी कामाला जाणाऱ्यांचा.

स्कॉटरेलचं म्हणाल तर दक्षिणेकडच्यांना सेंट्रल स्टेशनला गाडी बदलावी लागते. आम्ही न्यूटन मर्न्सला राहतो, तिथे स्टेशन नाही. उतरायचं व्हाइटक्रेग्ज किंवा पॅटरटनला. पार्टिकहून येणारी गाडी सेंट्रलच्या खालच्या फलाटावर लागते आणि नीलस्टनची गाडी वरून सुटते. सासूबाई सध्या नाशिकहून आल्या आहेत, त्यांच्या हातात काठी असते. सरकत्या जिन्यापाशी आल्या की पाऊल पुढे टाकायचं म्हणून त्या तीन-चार पायऱ्या नुसत्या बघत राहतात, मागे रांग लागते, मग त्या मला म्हणतात, "तू जा पुढे, मी इथेच थांबते." म्हणून आम्ही लिफ्टने जातो आणि तेवढ्यात वरची गाडी सुटते. रविवारी पुढची गाडी लगेच नसते.

सबवेत तर त्यांना नेतच नाही. पायऱ्या न चढता-उतरता फलाटावर जाता येतं ते फक्त गोवन आणि सेंट इनॉकला. पार्टिकच्या सबवेला लिफ्ट नाही. बाबागाडीवाल्या आयांनीही हे लक्षात ठेवा.

दोन कामाच्या गोष्टी.

तिकीट पार्टिक ते व्हाइटक्रेग्ज असं सलग काढा, सेंट्रलपर्यंत एक आणि पुढचं दुसरं असं काढू नका.

साठीच्या पुढच्या लोकांचा मोफत बसपास स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनाच मिळतो, भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांना नाही. सीनियर रेलकार्ड मात्र त्यांनाही काढता येतं, तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवून. ३५ पौंड, वर्षभर चालतं, एक तृतीयांश सूट. एका दिवाळीसाठी काढू नका, पण इन्व्हरनेस, एडिनबरा, यॉर्क असं फिरवून आणणार असाल तर पैसे सहज वसूल होतात.

अनघा

---

प्रेषक: मकरंद
बुधवार, संध्याकाळी ६:५०

वाचतोय. शेवटी हे गाड्यावाल्यांवर येणार हे दिसतंय, म्हणून आत्ताच स्पष्ट लिहितो.

दर वर्षी तीच चार-पाच घरं लोकांना सोडत फिरतात. ज्यांना सोडायचं ते ठिकठिकाणी विखुरलेले. एक कंबसलँगला, दुसरा पेझलीला. पोरं मागच्या सीटवर झोपलेली, आणि सोमवारी शाळा. मदत करायला माझी ना नाही, पण आयत्या वेळी हॉलच्या दारात "कोण कुठे जातंय" असं विचारू नका. नावं आधी द्या.

दुसरं. सेंट्रलपर्यंत सोडा असं म्हणू नका. शहराचा मधला भाग, उत्तरेला आणि पश्चिमेला एम८ महामार्ग आणि दक्षिणेला क्लाइड नदी, हा जून २०२३ पासून लो एमिशन झोन (जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना बंदी) आहे आणि सेंट्रल स्टेशन त्यातच येतं. चोवीस तास, रविवारीसुद्धा. युरो ६ या प्रदूषण-निकषाच्या आधीची डिझेल गाडी आत गेली की कॅमेरा नंबर टिपतो. दंड ६० पौंड, लवकर भरला तर निम्मा, आणि पुन्हा गेलात तर दुप्पट होत जातो. आपल्या लोकांकडे २०१४-१५ च्या डिझेल गाड्या अजून बऱ्याच आहेत, माझी त्यातलीच. मी सरळ व्हाइटक्रेग्जपर्यंत सोडीन. शहरात शिरणार नाही.

अनघा, तुझ्या सासूबाई आणि तू माझ्याबरोबर या. हे ठरलं.

मकरंद

---

प्रेषक: प्रज्ञा
बुधवार, रात्री ११:२०

ड्यूटीवरून आत्ता आले. गोवन आणि आयब्रॉक्सकडच्यांनी नवा पूल कसा काय विसरला? सप्टेंबर २०२४ मध्ये गोवन ते पार्टिक पायी आणि सायकलने जायचा पूल उघडला. रिव्हरसाइड म्युझियमपाशी चढायचं, पलीकडे गोवनला उतरायचं. मी हॉस्पिटलमधून पार्टिकला याच वाटेने चालत येते. जहाजासाठी पूल कधी फिरवतात, तेवढा वेळ थांबावं लागतं, पण रविवारी रात्री मला तरी ते कधी आड आलं नाही. गोवनवाल्यांना सबवेची गरजच नाही. सेसनॉकला अर्ध्या तासाहून जरा जास्त लागेल. किनिंग पार्क मात्र लांब, तिथल्यांनी बस किंवा कुणाची गाडी बघावी.

पण त्याच पहाटे घड्याळं एक तास मागे जातात हे पत्रिकेत कुठेच नाही. म्हणजे पाचच्या आधीच सूर्य मावळणार. रात्री ८ ला मुली एकेकट्या नदीकाठाने निघाल्या तर मला चालणार नाही. निघायचं तर चार-पाच जणांनी मिळून. आणि आयब्रॉक्सला मॅच असेल तर दुपारी येतानाचा सबवे गच्च असेल, तेही बघून ठेवा.

आणखी एक. हॉस्पिटलमधल्या आम्हा काही जणींची त्या दिवशी रात्रपाळी आहे. आम्ही सहालाच निघणार. एकांकिका आधी झाली तर आम्हालाही बघता येईल.

प्रज्ञा

---

प्रेषक: शुभदा
गुरुवार, सकाळी ८:१०

प्रज्ञा, घड्याळाचं बरं आठवलंस. फोन आपोआप बदलतो, पण स्वयंपाकघरातलं घड्याळ आणि ओव्हन नाही. दोन वर्षांपूर्वी याच घोळात चकलीचं पीठ भिजवून आम्ही तासभर आधीच हॉलवर, आणि दार बंद. पत्रिकेच्या खाली मोठ्या अक्षरात एक ओळ टाका.

चकल्या यंदाही माझ्याकडे. अनारसे कुणी करणार का? मला जाळी पडत नाही, ते माझ्याकडे मागू नका.

मिलगायकडच्यांना पार्टिकहून थेट गाडी आहे, बेअर्सडनही त्याच मार्गावर. आमची काळजी करू नका.

शुभदा

---

प्रेषक: नंदूकाका
गुरुवार, सकाळी ९:००

अनारशाचं पीठ आमच्याकडे तयार आहे. शुभदाने आमच्याकडे येऊन करावेत, हिच्या हाताखाली जाळी पडेल.

वैशालीताई, एडिनबराच्या मंडळींचं मला नीट समजलं नाही. हेलेन्सबर्गहून येणारी गाडी पार्टिकला थांबते आणि पुढे एअरड्री, बाथगेट करत एडिनबराला जाते. क्वीन स्ट्रीटहून फाल्कर्कमार्गे जाणारी लवकर पोचते हे खरं, पण सामान घेऊन क्वीन स्ट्रीटला उतरून पार्टिकची गाडी बदलण्यापेक्षा ही बरी. हा एअरड्री ते बाथगेट तुकडा २०१० मध्ये पुन्हा जोडला, त्याआधी कित्येक वर्षं तिथे गाडीच नव्हती. त्यांनी या आगगाडीने यायचं ठरवलं तर तिघांना चार वाजता पोचायला काय अडचण? आपल्याला विचारतोय, राग नसावा.

नंदू

---

प्रेषक: वैशाली
गुरुवार, दुपारी १२:४५

नंदूकाका, राग कसला. त्यातल्या एकाची दुपारपर्यंत ड्यूटी असते. मी त्याला आत्ताच फोन केला. अडीचला सुटतो, साडेचारला हॉलवर पोचू शकेल. नेपथ्यात दोन खुर्च्या आणि एक पडदा आहे. रंगभूषा त्याने येताना आटोपली तर पाचला पडदा उघडता येईल.

पण मग मुलांचे नाच ३:१० ला सुरू झाले पाहिजेत, ३:३० ला नाही. पालकांनी मुलांना कपडे घालूनच आणायचं. आणि लक्ष्मीपूजनाची आरती सुरुवातीलाच होईल, शेवटी नाही. क्रमातला बदल मी समितीपुढे ठेवते, पण मला दोन माणसं हवीत जी २ वाजता हॉलच्या दारात उभी असतील. मुलांनो, ते तुम्ही करायचं.

वैशाली

---

प्रेषक: ओंकार
गुरुवार, दुपारी १:०५

ताई, आम्ही दोनला येतो, सहा-सात जण नक्की. खुर्च्या, टेबलं, माइक आमच्याकडे. रांगोळीला मुली येणार आहेत.

आरती ३, नाच ३:१०, बक्षिसं ४:१५, एकांकिका ५ ते ५:४५. सबवेवाले ५:५० ला निघतील, पार्टिकचा फलाट पाच-सात मिनिटांवर आहे. पण मग फराळ आमचा राहतो. डब्यात भरून देता येईल का? रिकामे डबे आम्ही आणू. ज्यांना घाई नाही ते ताटात वाढून घेतील, गाणी आणि अंताक्षरी ८ पर्यंत चालू दे.

गोवनवाल्यांचा गट मी करतो, प्रज्ञाताईंनी सांगितल्याप्रमाणे कुणी एकटं निघणार नाही. मकरंददादा, किनिंग पार्कच्या चौघांची नावं संध्याकाळपर्यंत पाठवतो, तुमच्या वाटेवर पडत असेल तरच.

---

प्रेषक: मकरंद
गुरुवार, दुपारी १:२०

किनिंग पार्क वाटेवरच आहे, क्लाइड टनेलमधून जाईन. पण माझ्याकडे जागा तिघांना, अनघा आणि आजी धरून. म्हणजे एकच. बाकी तिघांसाठी अजून एक गाडी हवी. ईस्ट किलब्राइडवाल्यांपैकी कुणी?

---

प्रेषक: शुभदा
गुरुवार, दुपारी २:००

डब्यात चकली आणि चिवडा एकत्र भरू नका, चकली मऊ पडते. चिवडा कागदात बांधून द्या. लाडू वरती.

काका, शनिवारी सकाळी १० ला येते अनारसे करायला. तुमच्याकडे खसखस आहे ना? नसेल तर मी घेऊन येते.