सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग: आईबाबांना घेऊन पाच दिवसांत जमेल का?

वाटसरू_पुणे

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये पाच दिवस काढलेत, पुण्याहून आमच्याच गाडीने कोकणात उतरायचंय. मी, बायको, नववीतली मुलगी आणि आईबाबा. बाबा ७४ वर्षांचे, जन्मभर शाळेत इतिहास शिकवला पण सिंधुदुर्ग बघायचा राहूनच गेला, आणि २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत आल्यापासून त्यांनी धोशाच लावलाय की रत्नागिरी-सिंधुदुर्गातले तिन्ही जलदुर्ग एकदा बघू दे. (खांदेरी नंतर अलिबागला जाऊ तेव्हा.) सपाटीवर ते आरामात चालतात, पण उंच पायऱ्या आणि हलत्या होडीत चढणं-उतरणं जड जातं. आईला गणपतीपुळे हवंच आहे. तर पाच दिवसांत हे बसतं का, होडी कुठे कुठे लागते, आणि हायवेने जावं की किनाऱ्याकिनाऱ्याने?

दर्यावर्दी७७

बसतं, पण मग तुम्ही किल्ले कमी आणि गाडीची काच जास्त बघाल. हर्णै ते मालवण किनाऱ्याने म्हणजे वळणंच वळणं, नकाशावर चाळीस किलोमीटर दिसतात तिथे दीड तास सहज जातो. मध्ये दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा दोन फेरीबोटी आहेत, गाडीसकट पलीकडे जाता येतं, वळसा वाचतो आणि आईबाबांना गाडीतून उतरावंही लागत नाही, तो भाग मात्र चुकवू नका. जयगडहून पुळं जवळच.

माझं स्पष्ट मत, सुवर्णदुर्गात आईबाबांना नेऊ नका. मी आईला घेऊन गेलो होतो, बंदरावर एका होडीवाल्याने सांगितलं की थेट किल्ल्याला लावतो, पण ओहोटी लागलेली त्यामुळे होडी अलीकडेच थांबली आणि गुडघाभर पाण्यात शेवाळलेल्या दगडांवर उतरायला लागलं. आई घसरली, हात मुरगळला, तिला घेऊन मी होडीतच बसून राहिलो आणि किल्ला बाकीच्यांनी बघितला. अजून चुटपुट लागते, आधी भरतीची वेळ विचारायला हवी होती.

त्याऐवजी कनकदुर्गावर जा. हर्णै बंदराला लागूनच आहे, दीपगृह आहे तिथे, थोड्या पायऱ्या चढल्या की सुवर्णदुर्ग अख्खा समोर दिसतो. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन किनाऱ्यावर आणि चौथा पाण्यात, ही रचना वरूनच कळते. सरांना १७५५ ची लढाई मुलीला तिथे उभं राहून समजावून सांगता येईल, पेशवे आणि इंग्रज एका बाजूला आणि तुळाजी आंग्रे दुसऱ्या, कमोडोर जेम्सची जहाजं कुठून आली असतील ते बोटाने दाखवता येतं.

भरतीओहोटी

थोडा असहमत. आईबाबांना कनकदुर्गावर बसवा पण तुम्ही आणि मुलगी होडीने जाऊन याच. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय आणि आत शिरताना भिंतीवर मारुती, तो मारुती लांबून दिसत नाही, जवळ जाऊन हात लावावा असाच आहे.

वेळेचा हिशोब आमच्याकडे म्हातारी माणसं तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, मधल्या वेळी दुपारी बाराला ओहोटी. पक्ष कुठलाही असो, हिशोब तोच. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण अंदाज पक्का येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते दिवस होडीसाठी टाळलेले बरे. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी जरा शांत. कॅलेंडर बघून तारखा ठरवा.

गिर्येकर

वरती कोणी विजयदुर्गाबद्दल बोललंच नाही, आणि तुमच्या बाबांसाठी तिघांतला सगळ्यात सोयीचा किल्ला तोच. होडी लागत नाही. पूर्वी चारही बाजूंनी पाणी होतं, जमिनीकडच्या बाजूला खंदक होता, तो बुजला आणि आता गाडी जवळजवळ दारापर्यंत जाते. चढ सौम्य आहे, जागोजागी बसता येतं. १६५३ मध्ये महाराजांनी घेतला आणि विजयदुर्ग नाव दिलं, त्याआधी घेरिया, आमच्या गिर्ये गावावरून. तिहेरी तट आहे, एकामागून एक, आणि मागच्या बाजूने वाघोटन खाडी आत शिरते. आंग्र्यांचं आरमार या खाडीत निर्धास्त असायचं. १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आले, त्या लढाईत तुळाजीची गलबतं या पाण्यात जळाली. सरांना हे माहीतच असेल, पण तटावरून खाडीचं तोंड बघितलं की पुस्तकातलं वाक्य वेगळंच वाटायला लागतं.

दोन गोष्टी लोक सोडून जातात. एक, गिर्येचा रामेश्वर. देवळात उतरायला जांभा खोदून खिंडीसारखी वाट केलीय, भर दुपारी पण आत गार असतं, आणि शेजारी संभाजी आंग्र्यांची समाधी. दुसरी, खाडीच्या आतल्या अंगाला खडक फोडून केलेली आंग्र्यांच्या वेळची गोदी. जहाजं इथे दुरुस्तीला घ्यायची. फलक-बिलक शोधत बसू नका, गावात कोणालाही विचारा. आम्ही लहानपणी तिथे खेळलोय, किल्ल्याइतकीच ती जपायला हवी.

वाटसरू_पुणे

गिर्येकर, खूप आभार. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं मुलीने कुठेतरी वाचलंय, ते खरं का?

गिर्येकर

किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत, ग्रहण बघायला दुर्बिणी मांडायचे चौथरे, ते दाखवा तिला, पण गोष्ट नीट सांगा. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण जानसेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने गुंटूरला बघितलं. लॉकयर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ तेव्हा इंग्लंडमध्ये होता, सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये तिकडूनच बघितली. विजयदुर्गाला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. हेलियम ओळखणारा माणूस दुर्बिणी घेऊन आमच्या किल्ल्यावर आला होता, एवढी खरी गोष्टच पुरेशी मोठी आहे, शोध इथे लागला असं कशाला जोडायचं.

दांडीवरचो

मालवणात येतास तर घाई करू नकात.

सिंधुदुर्गाला होडी लागते पण चढायला-उतरायला धक्का आहे, सुवर्णदुर्गासारखी कसरत नाही. सकाळी पहिल्या होड्यांना जा, वारा कमी, गर्दी कमी, होडी हलत नाही. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात आणि ४८ एकरांच्या किल्ल्याला तास कुठे पुरतोय, त्यामुळे चढायच्या आधीच सांगून ठेवा की वयस्कर माणूस बरोबर आहे, आम्ही पुढच्या फेरीने येऊ. बहुतेक जण ऐकतात.

आत शिरताना एक गंमत बघा, होडी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, तटच वळसा घेऊन त्याला पोटात घेतो. तट साधारण तीन किलोमीटर, तो सगळा चालायचा हट्ट बाबांनी करू नये. शिवराजेश्वराचं देऊळ राजाराम महाराजांनी बांधलेलं, त्यातली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली आहे, मुलं हमखास विचारतात. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यात उमटलेला ठसा तटाशी लहान घुमट्यांत आहे, वाकून बघावं लागतं. मग दूधबाव, साखरबाव, दहीबाव, चारी बाजूंनी खारं पाणी आणि या विहिरींना गोडं. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात, त्यांच्या दारात सरबत मिळतं, तिथेच टेका.

आणि परत आल्यावर लगेच हॉटेलात जेवायला पळू नका. आधी किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याला जा. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याचं भूमिपूजन झालं ते इथे, खडकावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेत. मी रोज तिथून जातो आणि दहातली नऊ पर्यटक कुटुंबं याला पाठ करून वॉटर स्पोर्ट्सला जाताना दिसतात, जीव तुटतो. सरांनी किल्ला बघितला आणि हा दगड बघितला नाही तर अर्धाच सिंधुदुर्ग बघितला.

वाटसरू_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना संध्याकाळी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, साहेबाच्या ओट्यांशी ते दोनदा थांबवून परत वाच म्हणाले. आता असं ठरतंय: पहिला दिवस पुणे ते हर्णै, दुसऱ्या दिवशी सकाळी कनकदुर्ग (भरती जुळली तर मी आणि मुलगी सुवर्णदुर्ग) आणि दोन्ही फेरीबोटी करून पुळं मुक्काम, तिसऱ्या दिवशी पहाटेचं दर्शन आणि थेट विजयदुर्ग, चौथा दिवस सकाळी गिर्ये मग कुणकेश्वर करत मालवण, पाचव्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग आणि फोंडा घाटाने परत. रत्नागिरी शहर, थिबा राजवाडा वगैरे या वेळी सोडतोय.

दर्यावर्दी७७

पाचवा दिवस मार खाईल. सिंधुदुर्ग, मोरयाचा धोंडा आणि त्याच दिवशी पुणे म्हणजे घरी पोचायला मध्यरात्र. एक रजा वाढवता आली तर मालवणात दुसरी रात्र काढा, नाहीच जमलं तर हर्णै पूर्ण सोडा आणि थेट कोल्हापूरमार्गे खाली उतरून विजयदुर्गापासून सुरुवात करा. सुवर्णदुर्ग पुण्याहून कधीही दोन दिवसांत होतो.

वाटसरू_पुणे

रजेचं आत्ताच बायकोशी बोललो, तिची मिळतेय, माझं सोमवारी कळेल. तारखा अष्टमीच्या जवळ आणतोय.