कॅन्सरच्या केमो-रेडिएशनच्या काळातलं घर आणि प्रवास, पेशंट आणि जोडीदार दोघांचा : अनुभव लिहा

पहाटपाऊस
आज परळच्या पुलावर एक जोडपं दिसलं. तिच्या डोक्याला सुती रुमाल, त्याच्या छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाड फाइल. दर दहा पायऱ्यांनी दोघं थांबत होती. ती पिशवी बघून सगळं परत आठवलं. कहाण्या आपल्या सगळ्यांकडे आहेत, त्या आज बाजूला ठेवू. रोजच्या जगण्यातलं आणि बाहेर पडतानाचं जे कळायला उशीर लागला, तेवढं लिहूया. कुणाला तरी उद्याच लागेल.

सुरुवात दिवस मोजण्यापासून करते, कारण बाकी सगळं त्यावर बसतं. केमोचा दिवस म्हणजे पहिला दिवस, कॅलेंडरवर तसा आकडा घाला. एकवीस दिवसांच्या चक्रात पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली असतात. पण मळमळ पाचव्या-सहाव्या दिवशी ओसरते, तोंडाला जरा चव येते, आणि नेमकं तेव्हाच घरात ठरतं की चला, आता जरा लग्नाला जाऊन येऊ. तिथे चुकतं. बरं वाटणं आणि काउंट (रक्तातल्या पेशींचा आकडा) बरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी. जायचंच तर पंधरा ते वीस या दिवसांत, निघायच्या एक-दोन दिवस आधी सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करून आणि डॉक्टरांना विचारून.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर थेट हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आधी थर्मामीटर, मग गोळी. पॅरासिटामॉल आधी दिली की ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन कळत नाही. हे जोडीदाराला पाठ हवं, पेशंटला त्या वेळी सुधरत नसतं.

खारघरची_खिडकी
फार गरजेचा धागा. वाचतेय, रात्री लिहिते. डबे व्हायचेत.

लोकलवाला
लोकलचं लिहितो. दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो त्यात कॅन्सर पेशंटना बसता येतं. कितीतरी जणांना हे माहीतच नसतं, गर्दीत उभे राहून जातात. हॉस्पिटलचं कार्ड किंवा चिठ्ठी हाताशी ठेवा, फाइलच्या तळाशी नको. डब्यात कुणी हटकलं की फाइल उघडत बसायला जागा नसते. प्लॅटफॉर्मवर डबा कुठे येतो त्याची पाटी असते, गाडी यायच्या आधीच तिथे जाऊन उभं राहायचं. या दिवसांत धावत जाऊन चढणं नाही.

लांबच्या गाडीची सवलत: उपचाराला किंवा तपासणीला जाताना पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी, सोबत्याला ७५ टक्के. सेकंड, फर्स्ट क्लास आणि एसी चेअर कारला दोघांनाही ७५, फर्स्ट आणि सेकंड एसीला दोघांनाही ५०. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला आणायचा आणि तिकीट खिडकीवरून काढायचं. दाखल्याच्या दोन झेरॉक्स ठेवा, प्रवासात तपासणीस मागतो. फिरायला जायचं असेल तर ही सवलत नाही, तिथे पूर्ण पैसे.

मोगरा_२
एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच, २०२३ पासून. मुंबई-नाशिक, मुंबई-पुण्याला कामी येतं.

गवतीचहा
ऑक्सॅलिप्लॅटिन (केमोचं एक औषध) चालू असणाऱ्यांनी एसी लोकल पहिले काही दिवस टाळा! या औषधाने गार लागलं की बोटांत, ओठांत, घशात मुंग्या येतात, कधी घसा आवळल्यासारखा वाटतो. श्वास बंद पडत नाही, पण माणूस घाबरतो. फ्रिजचं दार, स्टीलचा गार दांडा, माठातलं पाणीसुद्धा. साधारण पाच दिवस, कुणाला आठवडाभर. उपाय: पर्समध्ये सुती हातमोजे, गळ्याला ओढणी, थर्मासमध्ये कोमट पाणी. फ्रिजमधून काढायचं काम दुसऱ्याने करायचं. ऑफिसातला एसी जर थेट डोक्यावर असेल तर जागा बदलून मागा, लाजू नका.

पहाटपाऊस
@गवतीचहा, हातमोज्यांचं अगदी खरं. मे महिन्यात हातमोजे घातलेला माणूस दिसला की लोक वळून बघतात. बघू देत.

चाळीतली_खोली
एका खोलीत राहणाऱ्यांसाठी लिहिते, कारण सगळ्या सूचना "वेगळं बाथरूम वापरा" इथून सुरू होतात आणि आमच्याकडे संडास मजल्यावर सामायिक असतो. केमोनंतर साधारण ४८ तास औषध लघवी, शौच, उलटीतून बाहेर पडतं. पुरुषांनीही बसून लघवी करायची, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. फ्लश दोनदा. फ्लश नसेल तर भरलेल्या बादलीने दोनदा, वरून ओतायचं, फेकायचं नाही. उलटी पुसायला हातमोजे आणि जुनं फडकं, नंतर फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. खराब कपडे वेगळे, दोनदा धुवायचे. एकत्र झोपणं, मिठी मारणं, एका ताटात बसून जेवणं यात काही धोका नाही. बायकोला वेगळ्या चटईवर टाकणारी घरं आहेत. गरज नाही.

आणि स्पष्टच लिहिते, कारण कुणी विचारत नाही. शरीरसंबंध ठेवायचे तर केमोनंतर निदान दोन-तीन दिवस, शक्य तर आठवडाभर निरोध वापरा. केमो चालू असताना गर्भ राहू द्यायचा नाही हे तर आहेच, तेव्हा गर्भनिरोधक पूर्ण काळ. प्लेटलेट्स किंवा पांढऱ्या पेशी फार खाली असतील तर थांबा. कोरडेपणाला पाण्याच्या बेसचं जेल मिळतं, खोबरेल तेल नको, त्याने लॅटेक्सचा निरोध फाटतो. इच्छाच नसेल तर तीही थकव्यामुळे आणि औषधांमुळे जाते, मनात अढी धरू नका.

बोरिवली_ईस्ट
ताई, इतकं नीट कुणी लिहिलं नव्हतं. मनापासून आभार.

पिशवीवाले_काका
स्टोमावाल्यांसाठी, म्हणजे ऑपरेशन करून पोटावर शौचाची वाट काढलीय आणि तिथे बॅग लावतात त्यांच्यासाठी. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, जड झाली की वेफर (बॅगची त्वचेला चिकटणारी चकती) ओढला जातो आणि गळते. वेफरचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं, त्याहून जास्त ठेवलं तर त्वचा सोलते. बदलायची वेळ पहाटे, काही खायच्या आधी, तेव्हा स्टोमा शांत असतो. मुंबईच्या घामात डिंक लवकर सुटतो, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर एक दिवस आधीच बदला. त्वचा पूर्ण कोरडी करा, पावडर-तेल काही नको, वेफर लावून तळहाताने मिनिटभर दाबून धरा. उन्हात उभ्या गाडीत सामान ठेवू नका, डिंक वितळतो.

विमानात: लागतील त्याच्या दुप्पट बॅगा, सगळ्या हातातल्या सामानात. वेफर घरीच कापून न्या, सुरक्षा तपासणीत कात्री काढून घेतली तर अडचण. वर गेल्यावर बॅग थोडी फुगते, फुटत नाही. बसायच्या आधी रिकामी करा.

इलिओस्टॉमी (लहान आतड्यातून काढलेला स्टोमा) असेल तर नुसतं पाणी पीत राहिल्याने क्षार आणखी जातात, ओआरएस हवं. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत अर्धं ओतायचं नाही. पावसाळ्यात चौपाटीवर भाजलेलं कणीस हाताशी येतं, ते नको. कणीस, शेंगदाणे, ओलं खोबरं, मशरूम यांनी वाट अडते. बॅग कोरडी आणि पोटात कळा असं चार-सहा तास राहिलं तर हॉस्पिटल. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात स्टोमा क्लिनिक आहे, नर्स हाताने करून दाखवतात. जोडीदाराने एकदा तरी स्वतः बदलून बघावी.

माहीमचा_माणूस
काका, सोलकढी चालते का इलिओस्टॉमीत?

पिशवीवाले_काका
गाळलेली, बिनतिखटाची, थोडी थोडी. चोथा नको. ताक जास्त बरं.

मोगरा_२
ताकात किंचित हिंग-जिरेपूड. माझ्या मते सोलकढीपेक्षा ताकच, पण मी देशावरची, माझं ऐकू नका कोकणवाल्यांनो :)

माहीमचा_माणूस
नाहीच ऐकणार :)

नळी_आणि_नाचणी
तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि आपल्याकडे तेच जास्त. नाकातल्या नळीने भरवताना पाठ ३० ते ४५ अंश वर, नंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. त्यामुळे गाडीत बर्थवर झोपवून भरवू नका, स्टेशन यायच्या किती आधी भरवायचं ते मोजा. एका वेळी २०० ते २५० मिली, दोन-तीन तासांनी, आधी-नंतर ३० ते ५० मिली कोमट पाणी. सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबायचा नाही, नळकांडं उंच धरून आपसूक उतरू द्यायचं. नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण, पेज, सगळं पातळ फडक्यातून दोनदा गाळून. नळी तुंबते ती न गाळलेल्या सत्त्वाने आणि अर्धवट कुटलेल्या गोळ्यांनी. आतड्यात विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, पातळ औषध लिहून मागा. नाकापाशी नळीवर पेनाने खूण करा. खूण सरकलेली दिसली तर भरवणं बंद, घरी परत आत ढकलायची नाही.

रेडिएशननंतर जबडा आखडतो. तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील, तर व्यायाम आत्तापासून. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये, अर्धा मिनिट धरायचं, दिवसात पाच वेळा, हळूहळू एकेक काडी वाढवायची. काड्यांचं बंडल रबरबँड लावून प्रवासाच्या पिशवीत. हा व्यायाम चार दिवस सुटला की महिन्याची कमाई जाते. गुळण्यांना कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ.

वर्सोव्याची_वहिनी
सातू कुठे चांगला मिळतो? दादरला कुणी सांगेल का

मोगरा_२
दादर पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या गृहउद्योगाच्या दुकानांत. पण दळल्याची तारीख बघा, पावसाळ्यात खवट येतं. घरी केलेला बरा.

नळी_आणि_नाचणी
घरचाच. नळीतून द्यायचा तर दळल्यावर मैद्याच्या चाळणीने चाळा.

खारघरची_खिडकी
डबे झाले, लिहिते. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हातावर बीपी, सुई, रक्त काढणं शक्यतो नको. प्रवासात कुणालातरी विसर पडतोच, म्हणून दुसऱ्या हाताच्या मनगटावर 'सुई-बीपी याच हाताला' असा चिठ्ठीसारखा पट्टा बांधा. जड बॅगही गाठी काढलेल्या बाजूच्या हातात नको. गाडीत सीटबेल्ट टाक्यांवर घासतो, मध्ये छोटी उशी घाला. रेडिएशनसाठी अंगावर काढलेल्या खुणा पुसू नका, त्या जागेवर डिओ-पावडर नाही, सैल सुती कपडे. घामाने खूण फिकी झाली तर स्वतः पेनाने गिरवू नका, टेक्निशियनला सांगा.

पोर्ट (केमोसाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) असेल तर लांब जाण्याआधी फ्लश, म्हणजे आतून धुणं, झालाय ना बघा, साधारण महिना-सव्वा महिन्याने, काही ठिकाणी तीन महिन्यांपर्यंत चालवतात. पिक लाइनचं (केमोसाठी दंडातून घातलेल्या नळीचं) ड्रेसिंग आठवड्याला, आणि ओलं झालं की लगेच. आंघोळीला जेवण झाकायची पारदर्शक फिल्म गुंडाळून वर-खाली चिकटपट्टी.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नेताना: २ ते ८ अंश हवं, पण गोठायला नको. तोंड मोठं असलेल्या थर्मासमध्ये बर्फ, वर जाड रुमाल, त्यावर इंजेक्शन. बर्फाला थेट लागलं की वाया. केमोनंतर २४ तासांच्या आत घ्यायचं नाही. नंतर हाडं दुखतात, त्यासाठी गोळी घ्यायची तरी आधी ताप बघायचा. वर लिहिलंय तेच.

लोकलवाला
थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सर्गी आयोडीनचा डोस घेतलेल्यांनी डिस्चार्जचं पत्र काही महिने जवळ ठेवा, विमानतळावर किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र वाजू शकतं. वेगळं झोपायचे दिवस वॉर्डमध्ये लिहून देतात. एका खोलीचं घर असेल तर ते आधीच सांगा, त्याप्रमाणे सल्ला देतात. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर हेही सांगा.

बोरिवली_ईस्ट
आईची चौथी केमो झाली, बाबांना तिला अलिबागला न्यायचंय, दोन दिवस. जमेल?

पहाटपाऊस
चक्राच्या तिसऱ्या आठवड्यात, काउंट बघून आणि डॉक्टरांना विचारून. रस्त्याने न जाता भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट घ्या, साधारण तासाभरात अलिबागजवळचं मांडवा, आत बसायला जागा आणि टॉयलेट आहे, गाडीही सोबत नेता येते. गेटवेच्या लाँचमध्ये चढता-उतरताना हेलकाव्यात पाय टाकावा लागतो, केमोमुळे पायांत बधिरपणा असेल तर ते जोखमीचं. किनाऱ्यावर अनवाणी नको, शिंपला लागलेला कळत नाही. उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं, पाणीपुरी नको. केळं, मोसंबी घरून न्या, तिथे सोलून खा. आणि तिथलं जवळचं मोठं हॉस्पिटल, त्याचा नंबर, निघायच्या आधी बाबांच्या फोनमध्ये.

गवतीचहा
गाडीने जाणार असतील तर दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाल. कॅन्सरमध्ये रक्ताची गुठळी लवकर होते. एकच पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक दम लागला तर परत फिरू नका, मिळेल त्या जवळच्या हॉस्पिटलात जा.

बोरिवली_ईस्ट
बाबांना वाचून दाखवलं. वहीत उतरवून घेतायत. केळी आत्ताच आणायला निघाले, जायला अजून नऊ दिवस आहेत.

मोगरा_२
किती गोड. केळी तोपर्यंत शिकरणाला घ्या.

चाळीतली_खोली
बाहेरगावहून येणाऱ्यांसाठी: दादर पूर्वेची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती, वांद्र्याला टाटाचं बोर्जेस होम. सगळीकडे आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते का ते विचारा, थेट सामान घेऊन जाऊ नका.

लोकलवाला
उद्या परळला टाटात जाणाऱ्यांनी लक्ष द्या, रात्रीपासून धो धो आहे. हिंदमाताला पाणी भरलं तर दादरहून टॅक्सी मिळणार नाही, परळ स्टेशनलाच उतरा आणि पूर्वेला चालत जा. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात पाय घालू नका, लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते. फाइलला दोन पिशव्या.