बीपी, गोळ्या आणि पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) – तुमचे अनुभव लिहा

कुळागर
छपरावरचे नळे परतायला माणसे आली आहेत म्हणून माळ्यावरचे सगळे खाली काढले. त्यात बाबांची नारळांच्या हिशोबाची वही निघाली. वर नारळ पाडणाऱ्या पाडेल्याची मजुरी, खाली सोललेल्या नारळांचा आकडा आणि मध्येच समासात '१७०/१००'. पुढच्या पाडणीच्या पानावर '१८०/११०'. मग काहीच नाही. बाबांची पद्धत अशी, की आकडा मोठा आला की थोडे दिवस गोळी घ्यायची आणि बरे वाटले की बंद. "म्हाका कांयच जायना, मागीर गुळी कित्याक?" (मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?) शेवटी एका सप्ताहात पखवाजावरचा उजवा हात चालेना. बांबोळीच्या इस्पितळात नेले, वाचले. त्यानंतर बरीच वर्षे जगलेही, पण वाजवायचे दुसऱ्याने आणि चुका काढायच्या ह्यांनी.
घरोघरी कोणी ना कोणी प्रेशरवाले आहेतच. कसे कळले, काय केले, काय जमले नाही ते लिहा. मी चहा टाकते, वरून हाका चालल्यात.

अबोली
आमच्या सासूबाई. त्यांच्यापायी हुमण अळणी, भाजी अळणी, सगळ्या घराला शिक्षा. आणि अकराच्या पेजेबरोबर चेपणीचा तोर (मिठात मुरवलेली कैरी), वर भाजलेला खारा बांगडा! डॉक्टरांनी विचारले की तोंड वर करून सांगतात, "जेवणात मीठ घालीतच नाही."

घुमट
अबोली, सासूबाई खोटे कुठे बोलल्या? पेज म्हणजे जेवण नव्हे, पेज म्हणजे पेज.
आमच्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद झाली की गालमो (सुका जवळा), सुकी सुंगटे आणि पारा (सुक्या माशांचे लोणचे). बाबांचे बीपी पावसाळ्यात वर आणि चवथीनंतर खाली. डॉक्टर म्हणाले हवेमुळे नाही, बरणीमुळे.

हेल्थसेंटरवाली
ड्युटीवरून लिहितेय, तुटक वाटेल. दिवसाचे सगळे मिळून मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही जास्तच. त्यात लोणचे, पापड, फरसाण, सुके मासे सगळे आले. पदेराचा (पाववाल्याचा) पावसुद्धा. कोणाला खारटच लागत नाही म्हणून कोणी धरत नाही.
दुसरे म्हणजे मोजणे. लोक बसमधून उतरून चढ चढून येतात आणि लगेच हात पुढे करतात. आकडा वर जाणारच. पाच मिनिटे टेकून बसा, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात छातीच्या पातळीला टेकलेला, बाहीवरून पट्टा नको. आधी अर्धा तास चहा-सिगरेट नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या. आणि बोलू नका! आमच्या बायका पट्टा फुगत असताना सुनेची गाऱ्हाणी सांगतात.

मांडवीपार
शेवटचे वाक्य वाचून हसतोय. मी बोलत नाही तरी दवाखान्यात माझे १५८/९६ येते. घरी १२८/८०. डॉक्टरांनी चोवीस तासांचे मशीन लावले. दर थोड्या वेळाने पट्टा आपोआप फुगतो, रात्री झोपेतही. त्या दिवशी फेरीबोटीत उभा होतो, अचानक घुर्रर्र झाले, शेजारची बाई दोन पावले मागे सरली. रिपोर्ट नॉर्मल. गोळी नाही दिली, पण घरी मोजत राहा म्हणाले, कारण असे लोक पुढे खरोखरचे बीपीवाले होऊ शकतात. घरी मोजताना १३५/८५ ही रेघ, दवाखान्यात १४०/९०. अमेरिकेवाल्यांनी २०१७ साली ती १३०/८० वर आणली, म्हणजे एका रात्रीत आमचे अर्धे ऑफिस पेशंट.

काजूगर
कुळागर, नळे परतणारे कुठे मिळाले? आमच्याकडे कोणीच यायला तयार नाही. मे संपत आला.

कुळागर
काजूगर, डिचोलीहून आलेत. निरोप टाकते. पण ते आता पुढच्या आठवड्यापर्यंत मोकळे नाहीत.

तारवटी
मी बोटीवर असतो, सध्या सुट्टीत घरी. आमचे असे, की जॉइनिंगच्या आधी मेडिकल, आणि बीपी जास्त निघाले की बोट गेली. त्यामुळे मेडिकलच्या आदल्या दिवशी जो तो वैद्य. लसूण चावा, कारल्याचा रस प्या, रात्रभर जागू नका, उराक पिऊ नका. (उराक नको हे तेवढे बरोबर आहे, दारूने बीपी वाढतेच.)
माझे दोन गोळ्यांनीही खाली येत नव्हते. मग एका डॉक्टरांनी मला सोडून बायकोला विचारले, "घोरतात का?" ती म्हणाली, "घोरतात, आणि मध्येच श्वास थांबतो, मी ढोसते तेव्हा परत चालू होतात." झोपेची तपासणी केली, स्लीप ॲप्निया निघाला. आता मास्क लावून झोपतो, वजन उतरवले, आणि त्याच गोळ्या लागू पडायला लागल्या. केबिनमधला जोडीदार मास्कला सोंड म्हणतो, म्हणू दे.

अबोली
तारवटी, हे आमच्या ह्यांना वाचून दाखवते. ते म्हणतात मी घोरतच नाही.

शेवंती
एक विचारायचे होते. सैंधव चालते ना? वहिनी म्हणते त्यात सोडियम नसते.

हेल्थसेंटरवाली
शेवंती, असते. रंग गुलाबी असला तरी ते बहुतांशी सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमचे म्हणून मिळते त्यात पोटॅशियम असते. काहींना ते चांगले, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको, रक्तात पोटॅशियम चढते.

पिसोळें
रॅमिप्रिलचे नाव निघाले म्हणून. आईला कोरडा खोकला, महिनोन् महिने. आम्ही कशाकशाला दोष दिला! शेजारच्या भट्टीचा धूर, जुन्या घरातली बुरशी, मांजर. मांजर मावशीकडे पाठवले. एक्स-रे स्वच्छ. नवीन डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली, उलटी करून नाव वाचले आणि म्हणाले, "हिच्याने येतो." गोळी बदलली, हळूहळू खोकला गेला. मांजर मात्र मावशी परत देत नाही.
आता नव्या गोळीने, अमलोडिपिनने, पाय सुजतात, ते वेगळे प्रकरण.

घुमट
मांजरासाठी न्याय मिळालाच पाहिजे.

दुपारचीझोप
विषय थोडा वेगळा, पण लिहिते. भाचीचे सातव्या महिन्यात पाय आणि तोंड सुजले. सगळ्या म्हणाल्या, सुजतातच पोटुशीचे पाय. डोके ठणकत होते आणि डोळ्यांपुढे चमकत होते, तेव्हा तिच्या नवऱ्याने कोणाचे न ऐकता १०८ बोलावली. बीपी फार वर, लघवीत प्रोटीन. बाळ लवकर काढावे लागले. दोघीही चांगल्या आहेत, बाळ आता शाळेत जाते. बाळंतपणानंतरही काही दिवस हे होऊ शकते असे सांगितले होते, म्हणून घरी आल्यावरही मोजत होतो. तिला पहिल्यापासून बीपी नव्हते, हे मुद्दाम लिहिते.

कुळागर
दुपारचीझोप, वाचूनच पोटात गोळा आला. नवऱ्याला शाबासकी सांगा.

जुनादप्तर
आमचे आजोबा सर्पगंधेच्या मुळीचा काढा घेत. हसू नका. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकिलांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मांडले आणि मग जगाचे लक्ष तिकडे गेले. तिच्यातून रेसरपिन काढले, एके काळी ते भरपूर दिले जाई. पुढे नाक चोंदणे, मन उदास होणे असे त्रास दिसले आणि त्याहून बऱ्या गोळ्या आल्या, तसे ते मागे पडले. तेव्हा मुळीत गुण होता हे खरे, पण मात्रा कोण मोजणार? आजोबा शेवटी शेवटी दिवसभर बाजेवर गप्प बसून असत. वय म्हणून की काढा म्हणून, कोण जाणे. तुम्ही आता परसातून उपटून खाऊ नका.
ज्येष्ठमधाचेही तसेच. घशाला बरे, पण रोज चघळले तर बीपी वाढते.

मांडवीपार
गुडघेदुखीच्या गोळ्याही! फार्मसीतून आणून रोज डायक्लोफिनॅक घेणारे माझे काका. बीपीची गोळी दोनदा वाढवली, तरी आकडा तिथेच. गुडघ्याची बंद केल्यावर उतरला. आता ते गुडघ्याला तेल लावतात आणि सगळ्यांवर ओरडतात.

काजूगर
मला १५०/१००, वय चाळीस. डोके दुखत नाही, चक्कर नाही, काही नाही. कंपनीच्या तपासणीत निघाले. गोळी चालू केली की जन्मभर, म्हणून बायको नको म्हणतेय. आधी चालून बघू का?

हेल्थसेंटरवाली
काजूगर, एका मोजणीवर ठरत नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, वहीत लिहा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. चालायला आजच लागा, त्याला चिठ्ठी लागत नाही. दुखत नाही ह्यावर जाऊ नका, बहुतेकांना काहीच होत नसते आणि किडनी, डोळे आतून खराब होत असतात. वजन आणि मीठ उतरल्यावर काहींची गोळी कमी होते, पण ती डॉक्टरांनी करायची. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो.

कुळागर
वहीत लिहा, पण नारळांच्या नको.

काजूगर
दंड जाडच आहे. बघतो. धन्यवाद ताई.

शेवंती
अबोली, तोर रात्रभर पाण्यात घातले तर मीठ उतरते का? आमच्याकडे बरणीभर पडलेत.

अबोली
बरेच उतरते, दोनदा पाणी बदलायचे. मग पेजेला अख्खा न देता वाटून खोबऱ्यात चटणी करते, वरून मीठ नाही. एका तोरात चौघांचे भागते. सासूबाईंना आवडत नाही, पण खातात.

घुमट
बिया टाकू नका हां, चोखायला असतात.