छोट्या कॉलेजात फिजिक्स शिकलेल्यांनो, अनुभव लिहा

शेवटच्या वर्षाला आम्ही फिजिक्सचे चौघंच होतो. एकाला ताप आला की हजेरी पंचवीस टक्क्यांनी घसरायची. मोठ्या विद्यापीठात शिकलेले मित्र भेटले की वाटतं, आपण भलताच विषय शिकलो की काय! तुमचं कसं होतं? चांगलं-वाईट दोन्ही येऊ द्या. सुरुवात मीच करतो.

न्यूटनच्या वलयांचं प्रॅक्टिकल, म्हणजे सपाट काचेवर भिंग ठेवल्यावर दिसणाऱ्या वलयांचे व्यास मोजून प्रकाशाची तरंगलांबी काढायची. सोडियमचा दिवा आधी लालसर लागतो आणि पिवळा व्हायला काही मिनिटं घेतो. तो तापेपर्यंत मी भिंग काचेवर ठेवून मोकळा. मायक्रोस्कोपमधून पाहतो तर मधला ठिपका उजळ! तो काळा हवा, कारण खालच्या काचेवरून परतताना प्रकाशाची कला (फेज) अर्ध्या तरंगाने बदलते. मॅडमना विचारलं, तर त्यांनी फक्त मऊ कापड पुढे केलं. भिंगाखाली धूळ होती.

पुसलं, पुन्हा मांडलं. विसाव्या वलयापासून निघालो, मध्ये चुकून स्क्रू उलटा फिरवला आणि त्याचा ढिलेपणा वाचनात शिरला. परत पहिल्यापासून. मोठ्या कॉलेजात एव्हाना पुढची बॅच दारात आली असती. इथे मॅडम म्हणाल्या, "कर सावकाश, कोणी येणार नाहीये." तिसऱ्या खेपेला तरंगलांबी ५९१ नॅनोमीटर आली; पुस्तकात ५८९.३. नंतर कळलं की व्यासांच्या वर्गांची वजाबाकी केली की धुळीमुळे पडलेलं अंतर आपोआप गळून जातं, म्हणजे पुसलं नसतं तरी चाललं असतं. मॅडमना ते माहीत असणारच.

•

आमच्याकडे क्वांटम एक वर्षाआड शिकवायचे. लिनियर अल्जेब्रा (मॅट्रिक्सचं गणित) व्हायच्या आधीच घ्यावं लागलं. "आयगेनव्हॅल्यू" हा शब्द मी पहिल्यांदा हायड्रोजनच्या अणूसोबत ऐकला आणि बरेच दिवस मला वाटत होतं की ती हायड्रोजनचीच काहीतरी भानगड आहे. पुढच्या वर्षी गणिताच्या तासाला साध्या दोन बाय दोन मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढल्या, तेव्हा मी मोठ्याने "अरेच्चा!" म्हणाले. गणितवाल्यांना काही कळेना.

•

वरचं वाचून छान वाटलं, पण दुसरी बाजूही लिहितो. विभागात शिक्षक दोनच. एकाशी माझं बिनसलं, म्हणजे अर्ध्या विभागाशी बिनसलं. शिफारसपत्रं तीन हवी होती. तिसरं भाषेच्या बाईंकडून घेतलं. सॉलिड स्टेट नावापुरतं झालं. एमएस्सीच्या पहिल्याच आठवड्यात शेजारचा ग्रीन फंक्शन सराईतपणे वापरत होता आणि मी घरी जाऊन ते कुठल्या प्रकरणात असतं ते शोधत होतो. "शिक्षकांचं वैयक्तिक लक्ष" सगळे सांगतात, पण ते लक्ष नको असलं तरी चुकवता येत नाही, हे कोणी सांगत नाही. मागच्या बाकावर लपायला मागचा बाकच नव्हता.

•

^ मागच्या बाकाला अनुमोदन!

फ्रँक-हर्ट्झ, म्हणजे पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडून अणूतल्या ऊर्जेच्या पायऱ्या दाखवायचा प्रयोग. आमच्या जुन्या संचात पाऱ्याची नळी नीट तापायचीच नाही. ४.९ व्होल्टच्या अंतराने प्रवाह कोसळायला हवा. आमचा फक्त किंचित लाजायचा. लॅबमधल्या काकांनी भट्टीभोवती कापड गुंडाळून दिलं, तेव्हा कुठे दोन शिखरं दिसली. जर्नलमध्ये "उष्णतारोधक आवरण" असं लिहिलं. पूर्ण गुण.

आता मी कोड लिहिते. फिजिक्स फारसं लागत नाही, खोटं कशाला बोलू. पण बिघडलेल्या गोष्टीशी दुपारभर झगडायची भीती त्या लॅबमध्येच गेली.

•

तुम्ही चौघं होतात? चैन होती की! आम्ही दोघं, आणि दुसऱ्याने दुसऱ्या वर्षी केमिस्ट्री धरली. तरी सर रोज हजेरी घ्यायचे. एकदा मी दाराबाहेर बूट काढत होतो. आतून माझा नंबर पुकारला गेला. मग शांतता. मग पेनाचा आवाज. आत गेलो तर सर म्हणाले, "गैरहजेरी लागली आहे, बस. कालचं लॅग्रांजियन कुठवर आलं होतं?"